उलाळ गाडी

१ जानेवारी १९८८, शुक्रवार

नवीन वर्ष, नवीन डायरी, नवा सुधीर. मागच्या डायऱ्यांतले संकल्प (सोलर कुकर, बाजाची पेटी, पहाटे पाचला उठणे) रद्द समजावेत. यंदा संकल्प एकच, आणि तो पुरा होणारच, कारण या वेळच्या संकल्पाला चाकं आहेत.

आज पूर्ण्याला हरीच्या गोडाऊनवर गेलो. हरी माझा साडू. गोडाऊनच्या मागे गवतात एक कॅराव्हॅन उभी आहे. धरणाच्या सर्व्हेला आलेल्या कुठल्याशा साहेबाचं म्हणे हे घर होतं. दोन चाकांवर पत्र्याची खोली, आत दोन लांब बाकडी, तीन बाजूंना खिडक्या, पुढे लोखंडी दांडी. दांडी जीपच्या हुकाला अडकवायची, की घर आपल्या मागे येतं. हरी म्हणाला, जागा अडलीय, फुकट घेऊन जा. आत कोंबड्या राहत होत्या. त्यांना बाहेर काढताना हातावर दोन चोची बसल्या. शुभशकुन.

कारण लिहून ठेवतो. कारण म्हणजे तात्यांचे गुडघे. वडील एकोणऐंशीचे झाले. कोर्टात शिरस्तेदार होते, अजूनही माझ्याकडे तसंच बघतात. दोन्ही पाय वाकत नाहीत. बसच्या सीटवर मावत नाहीत, टॅक्सीत तर नाहीच. दिवाळीपासून एकच घोकतायत, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात आठ दिवस पाय सोडायला मिळाले तर बरं होईल. तर मी त्यांना घरासकट नेणार. निजल्या निजल्या. त्यानंतर गणपतीपुळे, त्यानंतर हंपी.

बायकोला, विद्युल्लतेला, सांगितलं. ती म्हणाली, त्या खुराड्यात? तात्या म्हणाले, बघू. हे बघू मी गेली चाळीस वर्षं ऐकतो आहे.

३ जानेवारी, रविवार

कॅराव्हॅन पूर्ण्याहून मी शिकवतो त्या शाळेच्या मैदानावर आणली. आमच्या आळीत ती शिरत नाही. हेडमास्तरांनी शैक्षणिक साधन म्हणून परवानगी दिली.

जीप हरीची, चालवलीही त्यानेच. मी मागे बसून निरीक्षण केलं. वेग तिशीच्या वर गेला की गाडी मागे शेपटी हलवू लागते. आधी थोडी, मग जास्त, मग एवढी की एकदा डावीकडच्या खिडकीतून आणि एकदा उजवीकडच्या खिडकीतून मला आतलं बाकडं दिसलं. जीपही तिच्याबरोबर हलायला लागली. मध्येच पुढच्या दांडीतून कट् असा आवाज आला. हरीने कडेला घेतली. चेहरा पांढराफटक. म्हणाला, साडूभाऊ, मी पुन्हा हिला हात लावणार नाही.

हरी धंदेवाईक माणूस, विज्ञानाशी संबंध नाही. मी त्याला सांगितलं, नवीन जोडी आहे, एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतो.

संध्याकाळपर्यंत मी घोंगडी पांघरून बसलो होतो. थंडी फार आहे यंदा.

५ जानेवारी, मंगळवार

शाळा सुटल्यावर दांडीखाली आडवा झालो. दोन लोखंडी बाहू पुढे येऊन जिथे मिळतात तिथे एक चीर आहे. नखाएवढी. गंज खरवडला, चांगला हिरवा ऑइलपेंट दिला. दोन कोट. आता चीर दिसत नाही. म्हणजे वरवरचीच होती.

जेवण गेलं नाही. वांग्याची भाजी होती.

८ जानेवारी, शुक्रवार

आज शुक्रवार, कापडाचे लूम बंद, म्हणून इद्रीस मिस्त्री मोकळे होते. आमच्या मागच्या गल्लीतल्या साठ लूम त्यांच्या हातावर चालतात. लोखंडाची नस त्यांना कळते असं सगळे म्हणतात. मी केवळ विद्युल्लतेच्या समाधानासाठी बोलावलं.

ते खाली वाकले आणि खिळ्याने सरळ माझा ताजा रंग खरवडला. नखाएवढी होती ती चीर आता बोटाएवढी आहे. म्हणाले, मास्टरजी, ये चीर सोई नहीं है, चल रही है. मग उपाय सांगितला. चीर जिथे संपते तिथे ड्रिलने छेद मारायचा, म्हणजे ती तिथेच थांबेल. वर जाड पट्टी वेल्ड करायची. आणि तीन दिवस कोणी हात लावायचा नाही.

आता हे ऐकून घ्यायचं! जी वस्तू आधीच फाटते आहे तिला भोक पाडून म्हणे ती मजबूत होते. मी त्यांना फळ्यावर आकृती काढून दाखवली. क्षेत्रफळ कमी झालं की ताण वाढतो, नववीचा धडा. त्यांनी आकृती आदराने बघितली. म्हणाले, किताब में सही है, लेकिन चीर ने किताब नहीं पढ़ी. छेदाशिवाय वेल्डिंगला हात लावणार नाही म्हणाले. चहा घेऊन गेले.

नंतर खिडक्यांचे ग्रिल करणाऱ्याला गाठलं. त्याने काही विचारलं नाही, दहा मिनिटांत चिरेवरून वेल्डिंगची एक रेघ ओढली आणि निघून गेला. अशी माणसं हवीत.

रंगाचा तिसरा कोट.

९ जानेवारी, शनिवार

तात्या सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा कट् आवाज झाला आणि माझ्या हातून कपबशी पडली. तात्यांनी वर पाहिलं. पुन्हा कातरू लागले.

विद्युल्लता म्हणते, तू झोपेत ब्रेक दाबतोस. काहीतरीच. घाबरायला मी काय लहान आहे?

१० जानेवारी, रविवार

हलण्याचं कारण सापडलं! वजनाची वाटणी. आजवर सगळा भार कसाही होता. मी आघूर्णाचं, म्हणजे तराजूचं, गणित मांडलं. पाण्याचं पिंप, स्टोव्ह, तांदळाचा डबा, तात्यांची ट्रंक, गाद्या, सगळं मागच्या टोकाला नेलं. आता चाकांच्या पुढचा भार आणि मागचा भार तंतोतंत समान. दांडी एका करंगळीने उचलली जाते. डोळ्यांत पाणी आलं. विज्ञान किती सुंदर आहे.

शाळेच्या कंपाउंडचं काम चालू आहे. विटा टाकायला दिघाशीकडच्या पाड्यावरचा देवू आपली बैलगाडी घेऊन आला आहे. तो उभा राहून बघत होता. जवळ आला, पायाच्या अंगठ्याने माझी दांडी उचलली आणि म्हणाला, गुरुजी, गाडी उलाळ हाय. उलाळ म्हणजे काय ते त्याने करूनच दाखवलं. स्वतःच्या गाडीत मागच्या बाजूला जाऊन बसला, तशी गाडीची पुढची बाजू वर आली आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं गेलं. बैल बावरले.

मी त्याला समतोल समजावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बैलाच्या मानंवर थोडं वजन न्हाय आलं तं त्याला कळंल कसं, मागं गाडी हाय म्हून? मी सांगितलं, जीपला मान नसते. तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात.

१३ जानेवारी, बुधवार

चाचणी. कोन गावापर्यंत जाऊन परत. हरी तयार नव्हता, विद्युल्लतेने तिच्या बहिणीमार्फत दबाव आणला.

ताशी वीसला गाडी शहाण्यासारखी येते. पंचविसाला शेपटी. तिशीला मी डोळे मिटले, त्यामुळे निरीक्षण नाही. हरी म्हणतो आधीपेक्षा वाईट. मी म्हणतो, वीसला उत्तम आहे ना? मग वीसने जाऊ. घाई कोणाला आहे? कट् आवाज दोनदा. बहुधा स्प्रिंग.

खरं तर आजच ठरवलं होतं की जाणं रद्द करावं. कारणही तयार होतं, शाळेची सहामाही तपासणी. उद्या तात्यांना सांगतो.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

सांगता आलं नाही.

सकाळी तिळगूळ देऊन तात्या म्हणाले, चल, दाखव तुझी गाडी. दोन माणसांनी खुर्चीसकट मैदानावर नेलं. आत बाकड्यावर आडवे झाले. खिडकीला विद्युल्लतेने शिवलेला पडदा होता, तो सरकवून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, आता पुढची दांडी बघू. खुर्ची दांडीजवळ ठेवायला लावली. चष्मा लावला. हिरव्या रंगावरून अंगठ्याचं नख फिरवत बराच वेळ बघत राहिले. कोर्टाचे कागद असेच बघायचे.  मी मनात म्हणत होतो, नको म्हणा, एकदा नको म्हणा.

त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, छान केलंयस.

सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पेटीला नाही, बी.एस्सी.ला नाही, लग्नाला नाही. मी मैदानाच्या टोकाला जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. आता रद्द कसं करायचं?

१७ जानेवारी, रविवार

निघायची तारीख पुढे ढकलली. परवा अमावास्या. विद्युल्लता म्हणाली, तू कधीपासून अमावास्या मानायला लागलास? दरवर्षी ग्रहणाच्या वेळी मुद्दाम जेवतोस. मी म्हटलं, वडीलधाऱ्यांच्या भावनांचा प्रश्न आहे. तात्या आतून म्हणाले, माझी काही हरकत नाही.

तात्यांची पिशवी भरून दारात ठेवलेली आहे. ते सकाळपासून टोपी घालून बसतात.

२१ जानेवारी, गुरुवार

पुन्हा ढकलली. पोट बिघडलं. खरोखर बिघडलं आहे.

चीर बघायला गेलो नाही. जे उत्तम आहे त्याला सारखं बघून काय मिळतं? लांबून गेलो. लांबून छान दिसते.

२५ जानेवारी, सोमवार

उद्या निघायचं. झेंडावंदन झाल्यावर लगेच. आठ दिवसांची रजा मंजूर झाली, तीही नामंजूर होईल असं वाटलं होतं.

उद्यासाठी नियम. एक, वेग वीस. दोन, मी जीपच्या मागच्या भागात तोंड मागे करून बसणार आणि दांडीवर नजर ठेवणार. काही वावगं दिसलं की ओरडणार, हरी थांबणार. म्हणजे धोका शून्य. तीन, घाबरायचं नाही.

२६ जानेवारी, मंगळवार, सकाळी सहा

अजिबात भीती वाटत नाही. चार वेळा परसाकडे.

२६ जानेवारी, सकाळी पावणेदहा

दोन ओळी निघण्यापूर्वी. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. विद्युल्लता तात्यांबरोबर कॅराव्हॅनमध्ये बसणार होती, सगळं तसं ठरलं होतं. ऐनवेळी तात्यांनी तिला चढू दिलं नाही. तू जीपमध्ये पुढे बस, मला एकट्याला पडायचंय. ती ऐकेना तेव्हा चक्क ओरडले. सुनेवर कधी आवाज चढवत नाहीत. मग मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं, ट्रंकेची किल्ली दिली. प्रवासात हरवतं म्हणाले. म्हातारपणी माणूस विक्षिप्त होतो. हरी हॉर्न वाजवतोय.

२६ जानेवारी, संध्याकाळ, अकलोली

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहितो.

दीड तास सगळं व्यवस्थित होतं. वाटेत देवूची रिकामी गाडी लागली. कंपाउंडचं काम संपलं म्हणून पहाटेच घरी निघाला होता. आम्ही त्याला ओलांडलं, त्याने दांडीकडे बोट करून काहीतरी सांगितलं. मी दुसरीकडे पाहिलं.

दिघाशी फाट्याच्या अलीकडे लहानसा चढ आहे. तिथे हिरव्या रंगावर एक काळी रेघ दिसली. केसाएवढी. मी म्हटलं सावली असेल. मग जीप खड्ड्यात गेली, कट् झालं, आणि रेघेतून मला खालचा रस्ता दिसला. लोखंडातून रस्ता दिसला.

मी ओरडलो नाही.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. नियम मीच केला होता, त्यासाठीच तिथे बसलो होतो, आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही.  ओरडलो असतो तर हरी उतरला असता, विद्युल्लता उतरली असती, आणि सगळ्यांनी चीर पाहिली असती. मी विचार करत होतो की अजून दोनच मैल, चढ संपला की सपाट आहे. पुढच्या खिडकीत तात्यांचा चेहरा होता. ते पडले नव्हते, कोपरावर उठून माझ्याकडेच बघत होते. मी त्यांच्याकडे बघून हसलो. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो आणि हसत होतो.

मग दांडी तुटली.

पुढचा तुकडा जीपबरोबर खणखणत गेला. गाडी क्षणभर मोकळी उभी राहिली आणि उताराने मागे जायला लागली. चेहरा खिडकीतून नाहीसा झाला. तेव्हा आवाज आला माझ्या तोंडातून, तात्या म्हणून. चालत्या जीपमधून उडी मारली, गुडघे फुटले, पळालो. पण मागे एवढं वजन होतं की गाडीचं पुढचं टोक वर गेलं, शेपूट रस्त्यावर टेकलं, आणि ती खरडत खरडत बारा-पंधरा पावलांवर थांबली. तुटकी दांडी आकाशाकडे.

दार उघडलं तेव्हा तात्या गाद्यांच्या ढिगात होते, पाय वर, टोपी तांदळात. त्यांनी एवढंच विचारलं, सूनबाई पुढेच आहे ना?

नोंद: मागे भार ठेवल्यामुळेच गाडी थांबली. शास्त्रीयदृष्ट्या माझ्या रचनेने जीव वाचवला. हे वाक्य लिहिलं, वाचलं, आता खोडणार होतो. असू दे.

हरी तासभर स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हता. तात्यांना जीपमध्ये आडवं करणं शक्य नव्हतं. तेवढ्यात देवू आला. बैल न सोडताच बायकोला, तानीला, पाड्यावरून पेंढा आणायला हाक पाठवली. तात्यांना पेंढ्यावर निजवलं. ट्रंक मी मागे ठेवली, ती त्याने उचलून पुढे घेतली. बैलांच्या मानेवरचं जू एकदा हाताने तोलून बघितलं. आता बरोबर हाय, म्हणाला.

अकलोलीपर्यंत तात्या झोपले होते. मी मागून चालत आलो. विद्युल्लता गाडीत बसली होती, घड्याळ आणि किल्ली मुठीत घट्ट धरून. अर्ध्या वाटेत तिने मूठ उघडली, त्या दोन वस्तूंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं. मी मान खाली घालून चालत राहिलो.

२९ जानेवारी, शुक्रवार

धर्मशाळेत खोली मिळाली. तात्या रोज दोन वेळा कुंडात. मी शेजारच्या पायरीवर.

आज विचारलं. संक्रांतीला चीर दिसली होती ना? म्हणाले, दिसली कशाची, नखाला लागली. तीन कोट रंग लावलास, पण रंगाखाली अंगठा अडकतो. मग छान का म्हणालात? ते पाण्यात हात फिरवत राहिले. म्हणाले, नको म्हटलं असतं तर ही पण अर्धीच राहिली असती. पेटी मी नको म्हटली, ती राहिली. कुकर नको म्हटला, तो राहिला. आता माझ्याकडे नको म्हणायला फार वर्षं नाहीत.

 मग म्हणाले, आणि तू मागे तोंड करून बसला होतास. म्हटलं, थांबवेल.

 पाणी फार गरम आहे इथलं, डोळ्यांना वाफ लागते.

३१ जानेवारी, रविवार

संकल्प नाही.

४ फेब्रुवारी, गुरुवार

आज परत. हरीने दुसऱ्याची मोठी गाडी पाठवतो असा निरोप दिला होता. तात्यांनी परस्पर देवूला बोलावलं. माझा सल्ला विचारला गेला नाही, ते योग्यच झालं.

दिघाशी फाट्यावर कॅराव्हॅन शेतात ओढून ठेवली आहे. तानीने आत कोंबड्या सोडल्यात. खिडकीला अजून तो शिवलेला पडदा आहे. विद्युल्लता पडदा नीट करून आली.

मी दोन मैल गाडीमागून चाललो, मग पाय भरून आले म्हणून मागच्या कडेला टेकलो. लगेच देवूने बैल थांबवले. गुरुजी, मागं नको बसूस, गाडी उलाळ होते. पुढं सरक.

समतोलाचा धडा मनात आला होता. बोललो नाही. ट्रंकेवरून, पेंढ्यावरून पुढे गेलो. जागा नव्हती. तात्या सुपारी कातरत होते, कट् झालं, मी दचकलो. त्यांनी अर्धं खांड माझ्या हातावर ठेवलं आणि पाय आखडून मला जागा करून दिली.

पाय आखडला त्यांनी. गुडघ्यातून.